वळिवड्याची छावणी आणि घरोघरच्या आठवणी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव-समितीनें मजकडे विषय दिला होता तो 'आपल्या धर्मग्रामाचा इतिहास' हा. परंतु देवळाचा पाया केव्हां घातला, घंटा कोणीं अर्पण केली, पहिली शाळा कोणाच्या ओसरींत भरली, हें सर्व या स्मरणिकेच्या इतर पानांवर येणारच आहे, आणि तें लिहिणारे माझ्याहून अधिक जाणते आहेत. म्हणून समितीच्या संमतीनें मीं शेजारचा एक विषय घेतला आहे. येथून फार दूर नाहीं अशा एका गांवीं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, सुमारें पांच हजार पोलिश माणसें येऊन राहिलीं होतीं. त्यांत मुख्यतः स्त्रिया आणि मुलें. धर्मानें बहुतेक सारीं कॅथॉलिक. गांवाचें नांव वळिवडें. त्या लोकांनीं आपल्या आठवणी कशा राखल्या, आणि त्यांच्या शेजारीं राहिलेल्या आपल्या लोकांनीं त्या कितपत राखल्या, एवढेंच मला आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

आरंभीं 'छावणी' हा शब्द थोडा निवडून घेतला पाहिजे. कारण युद्धकाळीं नागरिकांच्या छावण्या अनेक प्रकारच्या होत्या आणि बोलतांना आपण त्यांची सरमिसळ करतों. पहिल्या महायुद्धांत अहमदनगर येथें, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, ब्रिटिश सरकारनें जर्मन नागरिकांना स्थानबद्ध करून ठेविलें. मुंबई-पुणें मिशनांतील जर्मन येशूसंघी धर्मगुरूही त्या काळांत स्थानबद्ध झाले आणि पुढें त्यांना मायदेशीं धाडण्यांत आलें. दुसऱ्या महायुद्धांत पुरंदर गडावर व साताऱ्यास अशींच शत्रुराष्ट्राचीं म्हणून गणलेलीं कुटुंबें ठेवण्यांत आलीं. त्यांत हिटलरच्या छळांतून जीव घेऊन निसटलेले यहुदीही होते. ज्याच्या भयानें पळाले, त्याचेच प्रजाजन म्हणून येथें अडकले! राजस्थानांतील देवली येथें त्याच युद्धांत जपानी नागरिक कोंडले होते. आणि हें केवळ परकीय सरकारनेंच केलें असें समजूं नये. १९६२ च्या चीन-युद्धाच्या वेळीं आपल्या स्वतंत्र सरकारनें आसाम-बंगालकडील सुमारें तीन हजार चिनी वंशाचे लोक त्याच देवलीस नेऊन ठेविले. त्यांतील पुष्कळ जण याच देशांत जन्मलेले होते. कांहींना पांच-पांच वर्षें सुटका मिळाली नाहीं, आणि सुटून आल्यावर कित्येकांस आपलें दुकान व घर लिलांवांत गेल्याचें आढळलें. त्यांपैकीं अनेकांचीं मुलेंबाळें आज कॅनडांत आहेत आणि तेथें बसून तीं आपल्या आईबापांच्या आठवणी गोळा करीत आहेत. त्या आठवणी ऐकण्याची पाळी आपलीही आहे, असें मला वाटतें. पण तो विषय एका स्वतंत्र भाषणाचा आहे.

वळिवडें या जातीचें नव्हे. तेथें बंदिवास नव्हता. तेथें आलेल्या माणसांचा बंदिवास आधींच भोगून झाला होता, आणि तो ठाऊक असल्यावांचून वळिवड्याचें मोल कळत नाहीं.

१ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मनीनें पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशियानें पूर्वेकडून पोलंडवर चाल केली. पूर्व प्रांत रशियाच्या ताब्यांत गेले. त्यानंतर १९४० च्या फेब्रुवारींत, एप्रिलांत आणि जूनमध्यें, व पुन्हां १९४१ च्या जूनमध्यें, असें चार वेळां तेथील कुटुंबांस घरांतून उठवून, मालगाडीच्या वाघिणींत भरून, उत्तर रशियाच्या अरण्यांत, सैबेरियांत आणि कझाकस्तानच्या उजाड माळावर नेऊन टाकण्यांत आलें. शिपाई रात्रीं दार ठोठावीत. सामान बांधावयास कोठें अर्धा तास मिळे, कोठें तितकाही नाहीं. त्या अर्ध्या तासांत कोणत्या बाईनें काय उचललें, हीच पुढें त्या घराण्याची आठवण झाली. कोणीं शिवणयंत्राचें डोकें घेतलें, कोणीं पिसांची रजई, कोणीं भिंतीवरची मारियामातेची तसबीर. रशियन दप्तरांप्रमाणें ही संख्या तीन लाखांच्या वर जाते. स्वतः पोलिश लोकांची जुनी गणना त्याहून कितीतरी मोठी आहे. तो वाद इतिहासकारांकडे सोंपवूं. लांकूडतोड, खाणी, शेतमजुरी, उपासमार आणि थंडी. त्यांत प्रथम म्हातारीं माणसें गेलीं, मग तान्हीं मुलें. जपमाळा जवळ नव्हत्या तेव्हां मिळालेल्या पावाच्या तुकड्यांतून मणी वळून, वाळवून, दोऱ्यांत ओंवले गेले. अशा जपमाळा अद्याप जपून ठेवलेल्या आहेत. पोटांत आग पडलेली असतां खाण्याच्या वस्तूचे मणी करणें म्हणजे काय, याचा विचार आपण घरीं जाऊन करावा.

२२ जून १९४१ रोजीं जर्मनी रशियावर उलटला, आणि पांच आठवड्यांनीं, ३० जुलैला, लंडनमधील पोलिश सरकार व रशिया यांच्यांत करार झाला. त्यान्वयें या लोकांस 'माफी' देण्यांत आली. गुन्हा कोणता तें कोणीं सांगितलें नव्हतें, माफी मात्र मिळाली! जनरल आन्डर्स यांच्या हाताखालीं पोलिश सैन्य उभें राहूं लागलें. आणि सैन्य जेथें जाईल तेथें आपणही जावें म्हणून बायका आपापलीं मुलें घेऊन हजारों मैल दक्षिणेकडे निघाल्या. १९४२ सालीं कास्पियन समुद्र ओलांडून इराणांतील पहलवी बंदरांत एक लाखाहून अधिक माणसें उतरलीं. त्यांपैकीं सदतीस हजारांच्या आसपास सैनिक नसलेलीं होतीं. कित्येकांनीं तेथवर येऊन, भाकरी हातांत पडल्यावर, तापानें व हगवणीनें प्राण सोडले. उरलेल्यांना कोणीतरी आश्रय देणें प्राप्त होतें. कांहीं पूर्व आफ्रिकेंत गेलीं, कांहीं न्यूझीलंडला, कांहीं मेक्सिकोला. आणि कांहीं कराचीच्या मार्गानें हिंदुस्थानांत आलीं.

हिंदुस्थानांत प्रथम दार उघडलें तें नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं. १९४२ मध्यें जामनगरजवळ बालाचडी येथें त्यांनीं मुख्यतः पोरक्या मुलांसाठीं वसति उभारली. त्यांचें नांव आज वॉर्सॉ शहरांतील एका चौकास दिलेलें आहे. दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १९४३ सालीं, कोल्हापूर संस्थानच्या हद्दींत, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत, पंचगंगेच्या खोऱ्यांत वळिवड्याची छावणी उभी राहिली. येथें नुसतीं पोरकीं मुलें नव्हतीं. मुख्यतः आया आपल्या मुलांसह होत्या. खर्चाचा भार लंडनमधील पोलिश सरकारनें उचलला होता. हें मुद्दाम सांगतों, कारण आपल्याकडे गप्पांच्या ओघांत बालाचडी व वळिवडें एक होऊन जातात, आणि जामसाहेबांची गोष्ट कोल्हापूरच्या नांवावर खपते. कोल्हापूरकरांचा शेजारधर्म सांगावयास दुसऱ्याची गोष्ट उसनी घेण्याची गरज नाहीं.

कौलारू बराकींच्या रांगा, प्रत्येक कुटुंबाला निजावयास जागा आणि चुलीची सोय, देऊळ, रुग्णालय, प्राथमिकपासून वरपर्यंतच्या पोलिश शाळा, बालवीरांचीं व वीरबालांचीं पथकें, नाटकें, गाण्याचे मेळे, असें एक संबंध गांवच तेथें वसलें. बर्फांत वाढलेलीं मुलें कोल्हापूरच्या मृगाच्या सरींत भिजलीं. दूध, भाजी, कापड, फळें घेऊन आसपासचे लोक येत. खरेदी-विक्रीपुरती अर्धी पोलिश व अर्धी मराठी अशी एक भाषा तयार झाली. घरचे पुरुष मात्र दूर होते. ते आन्डर्सच्या सैन्याबरोबर इटलींत लढत होते; १९४४ च्या मे महिन्यांत मॉन्ते कासिनोचा मठ ज्या सैन्यानें सर केला तें हेंच. त्या दिवसांत वळिवड्यास टपालवाला दिसला कीं बायकांच्या छातींत काय होत असेल, हें ज्यांच्या घरचा मुलगा सीमेवर आहे त्यांना निराळें सांगावयास नको.

युद्ध जिंकलें, आणि यांचें घर गेलें! फेब्रुवारी १९४५ मध्यें याल्टा येथें मोठ्या राष्ट्रांनीं पूर्व पोलंड रशियाकडेच राहूं देण्याचें ठरविलें. ५ जुलै १९४५ रोजीं ब्रिटननें लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सॉच्या नव्या सरकारला दिली. वळिवड्यांतील बहुतेकांचीं गांवें आतां पोलंडमध्यें नव्हतींच. परत जाणें म्हणजे कोठें जाणें? कांहीं तरीही पोलंडला गेले. अनेक जणी पतीच्या पाठोपाठ इंग्लंडला गेल्या, कारण १९४७ च्या कायद्यानें पोलिश सैनिकांस तेथें राहण्याची मुभा मिळाली होती. कांहीं पुढें ऑस्ट्रेलियांत, कॅनडांत, अमेरिकेंत पांगलीं. निदान एकीनें कोल्हापुरांतच संसार मांडला व ती मराठी घरची सून झाली. कांहीं कोठेंच गेलीं नाहींत. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमींत त्यांचीं थडगीं आहेत.

१९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली, आणि बराकी थंड होण्यापूर्वीं तेथें दुसरे निर्वासित आले. फाळणीनें सिंधमधून उखडलेलीं कुटुंबें सरकारनें त्याच जागीं वसविलीं. तें आजचें गांधीनगर. कापडाच्या घाऊक व्यापारासाठीं त्याचें नांव सबंध दक्षिण महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. आपल्यांपैकीं कित्येकांच्या लग्नाचा बस्ता तेथूनच बांधला गेला असेल.

मी गेल्या उन्हाळ्यांत तेथें मुद्दाम जाऊन आलों. गठ्ठ्यांनीं भरलेल्या गल्ल्या, हातगाड्या, हमाल, भाव करणारीं माणसें. पोलिश गांव कोठें होतें हें शोधूं गेल्यास डोळ्यांस कांहीं लागत नाहीं. एका वृद्ध दुकानदाराला मीं छावणीबद्दल विचारलें. त्यानें मला बसविलें, पाणी दिलें आणि आपल्या वडिलांची छावणी सांगितली: कराचीहून आगबोट, मुंबईचा धक्का, मग ही बराक. मीं विचारली एक छावणी, मला मिळाली दुसरी. मला त्याचें वाईट वाटलें नाहीं. जमीन एकच, आणि तिच्यावर दोन देशांचीं दुःखें एकापाठोपाठ उतरलीं. परंतु एक गोष्ट ध्यानांत आली, कीं जागेला स्वतःची स्मृति नसते. ती बोलते तिच्यावर राहिलेल्या माणसाच्या तोंडून, आणि तो माणूस गेला कीं ती पुढच्या माणसाची होते.

पोलिश मंडळींना हें आपल्या फार आधीं उमगलें. जगभर पांगलेल्या या छावणीच्या मुलांनीं आपला संघ स्थापिला, मेळावे भरविले, छायाचित्रें व कागद एकत्र केले, आणि १९४२ ते १९४८ या भारतवासाचा एक जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. तो २००० सालीं पोलिश भाषेंत निघाला व पुढें इंग्रजींतही आला. तो एका विद्वानाचा ग्रंथ नव्हे. अनेक हातांनीं लिहिलेला आहे. कोणी शाळेविषयीं लिहितो, कोणी दवाखान्याविषयीं, कोणी रात्रीं कोल्ह्यांची कोल्हेकुई ऐकून घाबरल्याविषयीं. १९९८ मध्यें त्यांच्यांतील एक मोठा जथा कोल्हापुरास आला आणि महावीर उद्यानांत स्मारकस्तंभ उभा राहिला. सप्टेंबर २०१९ मध्यें, युद्धारंभास ऐंशीं वर्षें झालीं तेव्हां, पुन्हां कांहीं जण आले. काठ्या टेकीत, मुलानातवंडांचा हात धरून. २१ ऑगस्ट २०२४ रोजीं आपल्या पंतप्रधानांनीं वॉर्सॉ येथील कोल्हापूर-स्मारकावर पुष्पचक्र वाहिलें, तें आपण वृत्तपत्रांत वाचलेंच असेल. ज्यांना वळिवड्याचें बालपण नीट आठवतें ते आतां नव्वदीच्या आसपास आहेत. छावणींत जन्मलेलीं अर्भकेंही ऐंशीच्या उंबरठ्यावर आलीं.

येथवर त्यांच्या बाजूचें झालें. आतां आपल्या बाजूचें पाहूं, आणि तेथें मजजवळ सांगण्यासारखें फार थोडें आहे. पांच हजार माणसें पांच वर्षें जेवलीं. त्यांचें धान्य, दूध, सरपण कोणीं पोंचविलें? त्यांचे कपडे कोणीं धुतले, रुग्णालयांत रात्रीं कोण जागलें, थडगीं कोणीं खणलीं? हीं माणसें मराठी होतीं. त्यांच्यांपैकीं कोणीं ग्रंथ लिहिला नाहीं. पुष्कळांस लिहितां येत नव्हतें. पाहुणा परत येऊन यजमानाची आठवण सांगतो, आणि यजमानाच्या घरीं पाहुण्याची आठवण उरलेली नाहीं, असा हा उलटा प्रकार आहे.

एक अनुभव सांगतों. पूर्वीं मी ज्या धर्मग्रामांत होतों तेथें एका घरीं आजारी माणसाला प्रभुभोजन देण्यास सकाळीं गेलों. दारांत पाऊल टाकतांच घरांतील आजीबाई हंसून म्हणाल्या, "जेन दोब्री, फादर." मी थबकलों. रोमला शिकत असतां माझे दोन-तीन पोलिश सहाध्यायी होते. रोज सकाळीं ते एकमेकांस याच शब्दांनीं अभिवादन करीत. मीं आजींना विचारलें, हे शब्द कोठले? त्या म्हणाल्या, "कांहीं नाहीं हो, आमच्या मामंजींची खोड. पहांटे दूध काढून झालें कीं दारांत उभे राहून असेंच ओरडायचे. मुलें हंसायचीं. आम्हांला तीच संवय लागली." मामंजी लहानपणीं वळिवड्यास दूध घालीत, एवढें घरांत ठाऊक होतें, त्या दोन शब्दांचा त्याच्याशीं कांहीं संबंध असेल, हें कोणाच्या मनांतही आलें नव्हतें. मीं अर्थ सांगितला. आजी कांहीं वेळ पदर हातांत धरून बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मामंजी इतकीं वर्षें कोणालातरी नमस्कार करीत होते कीं हो!" आणि पुढें, "आणखीही बोलायचे. मोठें वाक्य होतें एक. तें गेलें."

तें मोठें वाक्य कोणतें असेल, कोण जाणे. दुधाचा भाव असेल, एखाद्या मुलाचें नांव असेल, प्रार्थनेचा तुकडा असेल. ज्या दाराशीं तो मुलगा उभा राही त्या दारांतील बाईचें नांवही गेलें. इकडे आजी, तिकडे कदाचित् इंग्लंडांत किंवा पोलंडांत त्या बाईची नात, 'आमच्या आजीला एक हिंदी मुलगा दूध घालीत असे' असें सांगत असेल. दोघींच्या हातीं एकाच कागदाचा एकेक तुकडा आहे.

बंधुभगिनींनो, आम्हां धर्मगुरूंच्या वह्यांत बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यु एवढीच नोंद असते. नांव, तारीख, आईबाप, साक्षीदार. या वह्या मला प्रिय आहेत आणि त्या अचूक ठेवण्याविषयीं मी किती किरकिर करतों हें आमच्या कारकुनांस विचारा. पण त्या दोन तारखांच्या मधलें आयुष्य वहींत कोठें असतें? तें तुमच्या घरीं आहे. ट्रंकेंत, फडताळांत, आणि मुख्यतः कोपऱ्यांत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाजवळ. आपल्या धर्मग्रामांतही दुष्काळांत गांव सोडून आलेलीं, धरणाखालीं घर बुडालेलीं, रेल्वेच्या बदल्यांमागें फिरलेलीं घराणीं आहेत. त्यांनाही आपापलें वळिवडें आहे.

विचारतांना मात्र थोडें धोरण ठेवावें लागतें. "आजोबा, तुमच्या वेळचें सांगा" असें म्हटलें कीं आजोबा उपदेश करूं लागतात! त्याऐवजीं लहान प्रश्न विचारावे: निजायला काय होतें, चूल कोठें होती, पाणी कोण आणी, शाळेच्या वाटेवर भीति कशाची वाटे. सन आठवत नसेल तर सण विचारावा. नाताळाच्या आधीं कीं नंतर, मोठा पाऊस झाला त्या वर्षीं कीं दुसऱ्या. आणि म्हातारा जसा बोलेल तसें, त्याच्याच शब्दांत लिहावें. त्याची भाषा शुद्ध करण्याचा मोह आवरावा. डोळ्यांनीं पाहिलेलें कोणतें व ऐकीव कोणतें, याची खूण समासांत करावी, म्हणजे जामसाहेब कोल्हापुरास येणार नाहींत. प्रत्येक छायाचित्राच्या मागें पेन्सिलीनें नांवें लिहावीं. शाई दुसऱ्या बाजूस उमटते. नांव नसलेलें छायाचित्र दोन पिढ्यांनीं रद्दींत जातें, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

आणखी एक सांगणें अवश्य आहे. कांहीं माणसें बोलत नाहींत. सैबेरियांतून आलेल्या पुष्कळ आयांनीं आपल्या मुलांस त्या दिवसांबद्दल मरेपर्यंत अवाक्षर सांगितलें नाहीं. ज्या आईनें तान्हें मूल बर्फांत पुरून पुढची गाडी धरली, तिला "मग काय झालें?" असें विचारण्याचा अधिकार कोणाला आहे? कबुलीजबाब ऐकण्याचें व्रत घेतलेल्या मनुष्यास एवढें कळतें, कीं प्रत्येक गोष्ट बाहेर काढलीच पाहिजे असा नियम नाहीं. ज्याला गप्प राहावयाचें असेल त्याला गप्प राहूं द्यावें, आणि नुसतें जवळ बसावें. तो गप्प राहिला, एवढीही नोंद पुरे.

समितीच्या परवानगीनें एक सूचना देऊन आपली रजा घेतों. देवळाच्या कार्यालयांत दोनशें पानांची एक बांधीव वही ठेविली आहे. पुढील रविवारपासून दुसऱ्या मिस्सेनंतर एक तास युवक मंडळाचे दोघे तेथें बसतील. जुनीं छायाचित्रें, पत्रें, पावत्या, शाळेचे दाखले आणावे. त्यांची नकल तेथल्या तेथें करून मूळ वस्तु त्याच क्षणीं तुमच्या हातीं परत दिली जाईल. ज्यांना चालवत नाहीं त्यांच्या घरीं मंडळाचीं मुलें येतील. त्यांना चहा-फराळ नको. फक्त दूरदर्शन-संच बंद करावा आणि आजोबा-आजींना सकाळच्या वेळीं, झोंप झाल्यावर, बोलूं द्यावें.